विद्यापीठाला पैसा कोण देतो आणि गुण कोण देतो?



दरवर्षी १८ मे रोजी परभणी येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा भरतो आणि १७ सप्टेंबरला रब्बी मेळावा. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकरी या दोन्ही दिवशी मोठ्या संख्येने येतात आणि बियाणे विक्री केंद्रापुढे रांगा लागतात. सर्वांना हवे तेवढे बियाणे मिळतेच असे नाही. मग साहजिकच प्रश्न विचारला जातो की, वाण विद्यापीठाचा, जमीन विद्यापीठाची, शास्त्रज्ञ विद्यापीठाचे, तर बियाणे कमी का पडते? दुसरीकडे वर्तमानपत्रात देशातील विद्यापीठांची क्रमवारी छापून येते. त्यात आपले विद्यापीठ कितवे आले यावर पारावर चर्चा होते आणि क्रमांक खाली असला की "विद्यापीठाचे काही खरे नाही" असा निष्कर्ष काढला जातो.

हे दोन्ही प्रश्न एकमेकांशी जोडलेले आहेत. विद्यापीठाला पैसा कोठून व केव्हा मिळतो आणि त्याला गुण कशाचे मिळतात, हे कळल्याशिवाय त्यांचे उत्तर सापडत नाही. हा विषय शिकलेल्या लोकांपुरता आहे असे समजू नये. बांधावर येणारे वाण, मुलामुलींचे शिक्षण आणि जनावरांचे आरोग्य या तिन्ही गोष्टी या हिशेबावर अवलंबून आहेत.

कोणते विद्यापीठ कोणत्या खात्याचे?

नांदेड-लातूर भागात शासनाची तीन विद्यापीठे काम करतात. प्रत्येकाचा कायदा वेगळा व खाते वेगळे आहे.

१) वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी. स्थापना १८ मे १९७२. कार्यक्षेत्र मराठवाड्यातील सर्व जिल्हे. नांदेडचे कापूस संशोधन केंद्र, लातूरचे गळीत धान्य संशोधन केंद्र आणि लातूरचे कृषी महाविद्यालय याच विद्यापीठाचे आहे. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांना १९८३ चा महाराष्ट्र कृषी विद्यापीठे कायदा लागू आहे आणि त्यांचा निधी कृषी विभागामार्फत येतो. चौघांमध्ये समन्वय ठेवण्याचे काम पुण्याची महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद करते.

२) स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड. स्थापना १७ सप्टेंबर १९९४. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे १९५८ पासून असलेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राचे विभाजन करून ते निर्माण झाले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत. कला, वाणिज्य, विज्ञान अशा विद्याशाखांची महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. त्याला २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायदा लागू असून निधी उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडून येतो.

३) महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ, नागपूर. उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय पूर्वी परभणीच्या विद्यापीठात होते, ते २००० साली या विद्यापीठाकडे गेले. देवणी व लाल कंधारी या आपल्या दोन्ही गोवंशांचे काम ज्या भागात व्हायचे, तेथील हे महाविद्यालय आहे.

तिन्ही विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल आहेत. पैशाची तिजोरी मात्र एकाच दारातून उघडत नाही. नांदेडच्या विद्यापीठाला जे अनुदान मिळते त्याची तुलना परभणीशी करताना हे ध्यानात ठेवावे.

पैशाचे तीन पाट

कृषी विद्यापीठाला पैसा मुख्यतः तीन पाटांनी येतो. प्रत्येक पाटाचे पाणी वेगळ्या कामाला असते आणि एका पाटाचे पाणी दुसऱ्या सारीत सोडता येत नाही.

पहिला पाट राज्य शासनाचा. तो सर्वांत मोठा. राज्याच्या अर्थसंकल्पात विद्यापीठाला सहायक अनुदान दिले जाते. त्याचे ढोबळमानाने तीन भाग पडतात: वेतनासाठीचे अनुदान, वेतनेतर अनुदान आणि इमारती, यंत्रसामग्री अशा भांडवली मत्तेसाठीचे अनुदान. यांतील मोठा वाटा वेतनात व निवृत्तिवेतनात जातो. वेतन थांबवता येत नाही. म्हणून ओढाताण झाली की कात्री लागते ती वेतनेतर खर्चाला. मजुरी, डिझेल, खते, प्रयोगशाळेतील रसायने, विजेचे बिल, संशोधन केंद्राच्या गाडीचे इंधन हे सगळे वेतनेतर खर्चात मोडते. शास्त्रज्ञ जागेवर आहे, पण प्रयोगाच्या प्लॉटवर खुरपणीला मजूर लावायला पैसा नाही, अशी स्थिती यामुळे उद्भवते.

दुसरा पाट केंद्राचा, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा. ही परिषद १९२९ साली स्थापन झाली. तिच्याकडून येणाऱ्या पैशाचे प्रकार असे:

अ) अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प. कापूस, सोयाबीन, करडई, सूर्यफूल, ज्वारी अशा पिकांसाठी हे प्रकल्प चालतात. कृषी विद्यापीठात यांचा खर्च केंद्र व राज्य ७५:२५ या प्रमाणात उचलतात.

आ) शिक्षणासाठीचे विकास अनुदान. प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह, विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक यांसाठी ते मिळते. यासाठी परिषदेची अधिस्वीकृती असणे महत्त्वाचे ठरते.

इ) कृषी विज्ञान केंद्रे. यांचा पूर्ण खर्च परिषद करते, मग केंद्र विद्यापीठाचे असो किंवा सगरोळीच्या संस्कृती संवर्धन मंडळासारख्या स्वयंसेवी संस्थेचे.

तिसरा पाट विद्यापीठाच्या स्वतःच्या मिळकतीचा. विद्यार्थ्यांचे शुल्क, बियाणे व रोपांची विक्री, जिवाणू खते, प्रक्षेत्रावरील उत्पादन, खासगी कंपन्यांच्या निविष्ठांच्या चाचण्यांचे शुल्क हे यात येते. हा पाट लहान असला तरी बियाण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. बीजोत्पादनासाठी फिरता निधी ठेवलेला असतो. या वर्षी बियाणे विकून आलेला पैसा पुढील वर्षीच्या बीजोत्पादनात घालायचा, असे ते चक्र आहे. आपण घरचे बियाणे राखून ठेवतो तसाच हा प्रकार. एखाद्या वर्षी अतिवृष्टीने सोयाबीनचे बीजोत्पादन हातचे गेले, तर निधीही आटतो आणि पुढील वर्षी बियाणे कमी पडते.

नांदेडच्या पारंपरिक विद्यापीठाचे पाट थोडे वेगळे आहेत. मंजूर पदांचे वेतन राज्य शासन देते. विकासासाठी विद्यापीठ अनुदान आयोग व केंद्राच्या योजना आहेत. राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान २०१३ साली सुरू झाले आणि २०२३ पासून ते प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा अभियान या नावाने चालते. त्यात केंद्र ६० व राज्य ४० असे प्रमाण आहे. याशिवाय संलग्न महाविद्यालयांकडून मिळणारे संलग्नीकरण शुल्क आणि विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क ही त्याची मोठी मिळकत असते. कृषी विद्यापीठाकडे हजारो विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काचा असा आधार नसतो. त्याच्याकडे जमीन असते, पण ती पिकवायलाही आधी पैसा घालावा लागतो.

मार्चअखेर आणि मृग

पैसा किती येतो याइतकेच तो केव्हा येतो यालाही महत्त्व आहे. शासनाचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते व ३१ मार्चला संपते. शेतीचे वर्ष मृगावर चालते. या दोहोंचा मेळ बसत नाही.

खरिपाच्या प्रयोगांची तयारी एप्रिल-मेमध्ये करावी लागते. नांगरट, वखरणी, बियाण्याची छाननी, खतांची खरेदी ही कामे जूनच्या आत व्हायला हवीत. नेमके याच काळात मागील वर्षाची तरतूद संपलेली असते आणि नवीन वर्षाचा निधी टप्प्याटप्प्याने सुटत असतो. निवडणुकीच्या वर्षी हे अधिक जाणवते. २०२४ साली राज्यात २७ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प मांडण्यात आला आणि पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला आला. तोपर्यंत मराठवाड्यात पेरणीचे दिवस आलेले असतात. उलट जानेवारी ते मार्चमध्ये उरलेला निधी खर्च करण्याची घाई होते. शास्त्रज्ञ त्या वेळी करडई, हरभरा, ज्वारीच्या काढणीत गुंतलेले असतात आणि त्याच वेळी निविदा, देयके, उपयोगिता प्रमाणपत्रे यांचे कागद पुरे करावे लागतात.

७५:२५ च्या प्रकल्पातही असाच पेच असतो. समजा, एका प्रकल्पाला वर्षाचे १०० रुपये लागतात. ७५ रुपये केंद्राने हप्त्याने द्यायचे व २५ रुपये राज्याने. राज्याचा वाटा उशिरा आला तर काम अर्धवट होते. काम अर्धवट झाले तर खर्च कमी दिसतो. खर्च कमी दिसला की उपयोगिता प्रमाणपत्र कमी रकमेचे जाते आणि पुढचा हप्ता अडतो. म्हणजे २५ रुपयांच्या उशिरामुळे ७५ रुपयांनाही खीळ बसते. विहिरीत पाणी भरपूर आहे, पण मोटारीच्या जोडणीचे पैसे भरलेले नाहीत, असाच हा प्रकार म्हणायचा.

रिकाम्या जागेची किंमत

राज्यातील चारही कृषी विद्यापीठांत मोठ्या संख्येने पदे रिक्त असल्याचा प्रश्न विधिमंडळात वारंवार चर्चिला गेला आहे. पद मंजूर असले तरी ते भरण्यासाठी शासनाची परवानगी लागते. वेतनाचा खर्च आटोक्यात ठेवायचा तर पद रिकामे ठेवणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. कागदावर बचत दिसते. शेतकऱ्याला मात्र तिची किंमत फार उशिरा कळते.

संकरापासून वाण प्रसारित होईपर्यंत साधारणपणे आठ ते बारा वर्षे लागतात. दुसऱ्या, तिसऱ्या पिढीतील हजारो झाडांतून पैदासकार निवड करीत जातो. कोणत्या ओळीतील कोणते झाड मर रोगात तग धरून राहिले, कोणत्या वाणाची शेंग पावसात फुटली नाही, हे त्याच्या वहीत असते आणि त्याहून अधिक त्याच्या नजरेत असते. तो निवृत्त झाला आणि जागा चार वर्षे भरली गेली नाही, तर त्या पिढ्या जपायलाही माणूस राहत नाही. नवा शास्त्रज्ञ आला की त्याला बरेचसे काम पहिल्यापासून करावे लागते. आज रिक्त राहिलेल्या पदाचा परिणाम दहा वर्षांनी बियाण्याच्या रांगेत दिसतो.

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे उदाहरण घ्यावे. येथील एनएचएच ४४ म्हणजेच 'नांदेड ४४' हा अमेरिकन कपाशीचा संकर १९८० च्या दशकात आला. कोरडवाहूत टिकाव धरणारा व रसशोषक किडींना बऱ्यापैकी सहन करणारा म्हणून मराठवाड्यातच नव्हे, तर बाहेरही तो पसरला. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या केंद्राने शेतकऱ्याला काय दिले याचे हे ठळक उदाहरण आहे. २००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि बाजार खासगी संकरांकडे गेला. नांदेड ४४ महाबीजच्या साह्याने बीटी रूपात येईपर्यंत दीड दशकाहून अधिक काळ लोटला. तोवर शेतकऱ्यांची एक पिढी खासगी पाकिटांवरच वाढली. संशोधनात विलंब झाला की शेतकरी थांबत नाही, तो दुसऱ्या दुकानात जातो. त्याचा त्यात दोष नाही.

क्रमांक कसा ठरतो?

आता गुणांकडे वळू. विद्यापीठांना गुण देणाऱ्या व्यवस्था मुख्यतः तीन आहेत.

पहिली, कृषी शिक्षणासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती. विद्यापीठ स्वतःचा अहवाल देते, तज्ज्ञांचे पथक पाहणी करते आणि ठराविक मुदतीसाठी अधिस्वीकृती मिळते. ही क्रमवारी नाही. पात्र की अपात्र आणि कोणत्या दर्जाचे, एवढेच ती सांगते. मात्र विकास अनुदान हिच्याशी जोडलेले असल्याने हिचे वजन मोठे आहे.

दुसरी, पारंपरिक विद्यापीठांसाठी १९९४ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे 'नॅक'. तिच्या सात निकषांच्या पद्धतीत विद्यापीठाला एकूण १००० गुण ठेवले गेले. त्यांपैकी शोधनिबंध व प्रकाशनांना १०० आणि विस्तार कार्याला ४० गुण होते. या पद्धतीत मोठा बदल करण्याचे २०२४ साली जाहीर झाले.

तिसरी, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची राष्ट्रीय क्रमवारी, म्हणजे एनआयआरएफ. तिची पहिली यादी २०१६ साली आली. कृषी संस्थांचा स्वतंत्र गट २०२३ पासून आणि राज्य सार्वजनिक विद्यापीठांचा स्वतंत्र गट २०२४ पासून सुरू झाला. वर्तमानपत्रात ठळक मथळ्यात येते ती हीच. विद्यापीठ गटात तिचे १०० गुण असे वाटलेले आहेत:

अध्यापन, अध्ययन व साधनसंपत्ती — ३०
संशोधन व व्यावसायिक कार्य — ३०
पदवीधरांची निष्पत्ती — २०
संपर्क व समावेशकता — १०
लोकमत (जाणकारांच्या मनातील प्रतिमा) — १०

कृषी गटही याच पाच शीर्षांखाली मोजला जातो. त्यांत काय पाहिले जाते हे समजून घेऊ. पहिल्या शीर्षात विद्यार्थिसंख्या, विद्यार्थ्यांच्या तुलनेत कायम शिक्षक किती, शिक्षकांची पात्रता व अनुभव आणि दरडोई खर्च हे येते. दुसऱ्यात शोधनिबंधांची संख्या, इतरांनी त्यांचा किती आधार घेतला, एकस्वे आणि प्रकल्पांतून मिळालेला पैसा. तिसऱ्यात परीक्षेचे निकाल व आचार्य पदव्या. पाचव्यात इतर शिक्षणतज्ज्ञ व नोकरी देणारे यांचे मत.

चौथ्या शीर्षाचे नाव वाचून आपणास वाटेल की शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे गुण येथे मिळत असतील. तसे नाही. परप्रांतांतील विद्यार्थी किती, मुली किती, आर्थिक व सामाजिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना साह्य किती, अपंग विद्यार्थ्यांसाठी सोयी किती, हे त्यात मुख्यतः मोजतात. या गोष्टी आवश्यकच आहेत. पण सोयाबीनचा एमएयूएस ७१, तुरीचा बीडीएन ७११ किंवा 'परभणी मोती' ज्वारी किती एकरांवर पेरली गेली, पैदासकार बियाणे किती क्विंटल दिले, किती गावांत कीडनियंत्रणाचा सल्ला वेळेवर पोहोचला, यांना या पाच शीर्षांत स्वतःची अशी जागा नाही. एक चांगला वाण शास्त्रज्ञाच्या दहा वर्षांचे फळ असतो. त्या दहा वर्षांत दुसरा एखादा वीस शोधनिबंध लिहील आणि गुणांच्या तक्त्यात पुढे जाईल.

याचा अर्थ शोधनिबंध निरुपयोगी असतात असा नव्हे. वाणामागचे शास्त्र त्यातूनच तावूनसुलाखून निघते. पण एकाच मापाने सगळे मोजले की माणूस त्या मापाप्रमाणे वागू लागतो. हरभरा वजनावर विकायचा असेल तर दाण्याचा रंग कोण पाहील?

सपाट रान आणि माळरान

आणखी एक बाब लक्षात घ्यावी. कृषी गटाच्या यादीत २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षी नवी दिल्लीची भारतीय कृषी अनुसंधान संस्था पहिली आणि कर्नालची राष्ट्रीय दुग्ध अनुसंधान संस्था दुसरी आली. या दोन्ही केंद्राच्या थेट पैशावर चालतात. तिसरा क्रमांक लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाचा. राज्याच्या विद्यापीठांत ते सर्वांत वर आहे. म्हणजे राज्याच्या विद्यापीठाला वर जाता येतच नाही असे नाही. पण आठ जिल्ह्यांत पसरलेली संशोधन केंद्रे व पदवीचे वर्ग सांभाळणारे विद्यापीठ आणि एका विषयाला वाहिलेली केंद्रीय संस्था यांची तुलना म्हणजे बागायती काळ्या रानाची आणि माळरानाची तुलना. उतारा पाहताना जमीन व पाणीही पाहावे लागते.

येथे एक दुष्टचक्रही तयार होते. पदे रिक्त राहिली की शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचे गुण जातात. शिक्षक कमी म्हणून प्रकल्प व शोधनिबंध कमी होतात आणि संशोधनाचे गुणही जातात. वेतनेतर अनुदान कमी म्हणून दरडोई खर्चाचे गुण जातात. क्रमांक घसरला की चांगले विद्यार्थी व प्रकल्प दुसरीकडे जातात, आणि "क्रमांक खाली आहे तर पैसा कशाला?" असे म्हणायला जागा होते. भुकेल्या बैलाला नांगराला जुंपून तो हळू चालतो म्हणून त्याची वैरण कापण्यासारखे हे आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने हा जुना प्रश्न आहे. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९८४ साली आला आणि 'अनुशेष' हा शब्द सर्वतोमुखी झाला. घटनेच्या ३७१ (२) कलमात विकासखर्चाच्या समन्यायी वाटपाची व तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींची तरतूद आहे. त्यानुसार १९९४ साली मराठवाड्यासह तीन विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०१३ साली डॉ. विजय केळकर समितीनेही याच विषयावर अहवाल दिला. सिंचनाचा अनुशेष हेक्टरमध्ये व रस्त्यांचा किलोमीटरमध्ये मोजता येतो. संशोधनाचा अनुशेष असा सहज दिसत नाही, म्हणून तो मागे पडतो.

इतरत्र काय करतात?

आपल्या कृषी विद्यापीठांची कल्पना अमेरिकेतील जमीन-अनुदान विद्यापीठांवरून घेतलेली आहे. भारतात या धर्तीचे पहिले विद्यापीठ १९६० साली पंतनगरला सुरू झाले. शिक्षण, संशोधन व विस्तार एकाच छताखाली ठेवण्याची पद्धत तेथूनच आली. पैशाची पद्धत मात्र आपण पूर्णपणे उचलली नाही. अमेरिकेत १८८७ च्या हॅच कायद्याने संशोधनाला आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विस्ताराला केंद्राचा पैसा मिळतो. त्याचा मोठा भाग त्या राज्यातील ग्रामीण व शेतकरी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो आणि राज्यांनी स्वतःचा वाटा घालायचा असतो. म्हणजे शेतकऱ्यांची संख्या हीच निधीच्या सूत्रात बसवलेली आहे आणि विस्ताराचा पैसा संशोधनापासून वेगळा राखलेला आहे.

इंग्लंडमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचे गुणांकन करून त्यावर निधी ठरतो. तेथे २०१४ च्या फेरीपासून संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम स्वतंत्रपणे मोजू लागले. त्याला तेव्हा २० टक्के आणि २०२१ च्या फेरीत २५ टक्के गुण होते. आपल्याकडे केरळने स्वतःची राज्यस्तरीय क्रमवारी सुरू केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिचा पहिला निकाल लावला. राज्याने मनात आणले तर आपले माप आपण तयार करता येते, हे यावरून दिसते. महाराष्ट्राने कृषी विद्यापीठांसाठी असे माप केले, तर त्यात बियाण्याचा पुरवठा, वाणाखालील क्षेत्र व विस्तार कार्य यांना ठळक जागा हवी.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) क्रमवारी वाचताना गट पाहावा. केंद्रीय संस्थांसह एकत्र यादी आहे की फक्त राज्य विद्यापीठांची, हे आधी बघावे. एका वर्षाच्या क्रमांकावरून मत बनवू नये. तीन-चार वर्षांचा कल पाहावा.

२) मुलामुलींना कृषी महाविद्यालयात घालताना संस्थेची अधिस्वीकृती, कायम शिक्षकांची संख्या व प्रात्यक्षिकाची जमीन यांची चौकशी करावी. इमारतीच्या रंगावर जाऊ नये.

३) बियाण्याची साखळी समजून घ्यावी. पैदासकार बियाण्याला सोनेरी-पिवळी, पायाभूतला पांढरी व प्रमाणितला निळी खूणचिठ्ठी असते. विद्यापीठाचे मुख्य काम पैदासकार बियाणे देण्याचे आहे. प्रत्येकाला पुरेल एवढे प्रमाणित बियाणे एकट्या विद्यापीठाकडून मिळणे शक्य नसते. शेतकरी गट व उत्पादक कंपन्यांनी पैदासकार किंवा पायाभूत बियाणे घेऊन गावपातळीवर बीजोत्पादन करावे आणि त्यासाठी मागणी हंगामाच्या बरीच आधी नोंदवावी.

४) आपल्या नोंदी लेखी द्याव्यात. कोणता वाण, किती एकर, कोणती जमीन, किती उतारा, रोग कोणता, हे मेळाव्यात किंवा संशोधन केंद्रावर लिहून द्यावे. वाणाखालील क्षेत्राचा पुरावा नसेल तर त्या कामासाठी पैसा मागताना विद्यापीठाचा हात मोकळा राहत नाही.

५) जेथे शेतकऱ्याला खुर्ची आहे तेथे बसावे. विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेवर शेतकरी प्रतिनिधी असतात. कृषी विज्ञान केंद्राच्या शास्त्रीय सल्लागार समितीवरही असतात. या प्रतिनिधींना आपले प्रश्न बैठकीआधी सांगावेत व बैठकीनंतर उत्तर विचारावे.

६) आमदारांना नेमका प्रश्न द्यावा. "विद्यापीठाकडे लक्ष द्या" असे म्हटल्याने काही होत नाही. लातूरच्या गळीत धान्य केंद्रात मंजूर पदे किती, भरलेली किती, वेतनेतर अनुदान किती व ते कोणत्या महिन्यात मिळाले, असे विचारावे. हीच माहिती २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जावरही मागता येते.

समारोप

विद्यापीठाचा क्रमांक हा माती परीक्षणाच्या अहवालासारखा आहे. तो उपयोगाचा आहे, पण नमुना कोठून घेतला आणि काय तपासले हे पाहूनच त्याचा अर्थ लावायचा असतो. स्फुरद तपासलेच नसेल, तर अहवालात स्फुरद दिसणार नाही. शेतकऱ्याचे काम आजच्या क्रमवारीत फारसे तपासले जात नाही, म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाही.

त्याचबरोबर विद्यापीठानेही "आम्हाला गुण मिळत नाहीत" म्हणून विस्ताराकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. राज्याच्या तिजोरीतून येणारा पैसा हा शेवटी करदात्यांचा, म्हणजे आपलाच आहे. आर्थिक वर्षाच्या आरंभीच खरिपाचा निधी सोडणे, पैदासकाराचे पद एक दिवसही रिकामे न ठेवणे आणि वाणाखालील क्षेत्र हे गुणांत मोजणे, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी येत्या दहा वर्षांत बियाण्याची रांग आखूड झालेली दिसेल. त्या मागण्या शेतकऱ्यांकडूनच यायला हव्यात.